ब्रेक ड्रमखाली चुंबळ

लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली गोष्ट. नव्वदीचा मध्य असेल. माझा नवरा डबा घरीच विसरून कामावर गेला, म्हणून शाळेला जाता जाता मी लुना उद्यमनगरकडं वळवली. तो फौंड्रीत तपासणीच्या कामावर होता. तपासणी म्हणजे नक्की काय करतो, हे मी तोवर कधी विचारलंही नव्हतं.

आत गेले तर हा स्टुलावर बसलेला, हातात छोटी हातोडी, आणि पुढं थंड झालेल्या ओतीव मालाची रांग. एकेक नग उचलायचा, कडेवर हातोडी मारायची, कान देऊन ऐकायचं, बाजूला ठेवायचं. टण्ण. टण्ण. टण्ण. मधेच एक 'बद्द' असं वाजलं. तो नग त्यानं न बघताच मागं सरकवला.

"त्याला काय झालं?" मी विचारलं.

"तडा गेलाय आतनं."

"दिसतोय कुठं?"

"दिसत न्हाय म्हणून तर वाजवायचं की!"

मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते. लहानपणापासून गाणं शिकलेले, त्यामुळं कानावर माझा जरा जास्तच विश्वास. दिवसभर कानानं काम करणाऱ्या माणसाशी आपलं लग्न झालंय, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात त्यानं ट्रकचा एक ब्रेक ड्रम वाजवला आणि माझ्या अंगावर काटा आला. लांबलचक, गोल, देवळातल्या घंटेहून खोल असा आवाज. मी गुणगुणून बघितलं. शाळेतल्या आमच्या पेटीच्या काळी दोनचा पंचम, अगदी नेमका.

"हा पंचम आहे!"

"पंचम-बिंचम मला काय कळत न्हाय. ह्यो वाजायला चांगला हाय, पण मापात बसत न्हाय. भट्टीत जाणार परत."

"भट्टीत नको. घरी आणा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी म्हैस आणायला सांगितलीय. पण आणला. मालकांनीही हसत परवानगी दिली. मग दर आठवड्याला कळंब्याकडच्या आमच्या दोन खोल्यांत एकेक नाकारलेला नग येत गेला: ब्रेक ड्रम, इंजिनाचे नळकांड्यासारखे लायनर, पुल्या, दात न पाडलेले गिअर. अंगणात टांगणीचा लोखंडी घोडा उभा करून सगळे दोरीनं टांगले. गडहिंग्लजला सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, ही बातमी लागली, तेव्हा त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती बुडाला भोक पडलेलं एक पितळी घंगाळ पाठवून दिलं. सोबत निरोप : 'सून भंगार जमवती म्हणं. हे बी घे.'

पहिली दोन वर्षं मी त्या लोखंडातून सप्तक जुळवायच्या नादात घालवली. सा मिळाला, रे मिळाला, पंचम होताच. पण गंधार काही केल्या सापडेना. एक लायनर गंधाराच्या जरासा खाली होता. नवऱ्यानं तो कडेनं घासून आणला, तर सूर आणखी खाली गेला. आम्ही दोघं अंगणात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. त्या दिवशी मी सप्तकाचा नाद सोडला. मग मात्र मजा यायला लागली. तडा गेलेला एक ड्रम होता; त्यावर मारलं की आधी ठोका आणि मागून मधमाशीसारखी घरघर यायची. नवऱ्याच्या लेखी तो पक्का रिजेक्ट, माझ्या लेखी पक्का बेसूर. आणि आम्हा दोघांचाही तोच सगळ्यात आवडता.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि फौंड्रीतले भट्टीवरचे एक काका असे दोघं आम्हाला येऊन मिळाले. आम्ही चौघं रविवारी वाजवायचो. राग नाही, गाणं नाही. ठोके, त्यांची मागं रेंगाळणारी आस, आणि मधली शांतता. शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस मिनिटं वाजवलं, तेव्हा पालकांमधून एक दमदार आवाज आला होता : "झालं का सूर जुळवून? आता गाणं म्हणा की!"

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कळंब्याच्या तुरुंगातल्या बंदीजनांसाठी कार्यक्रम नेणारे एक गृहस्थ घरी आले. भजनं झाली, नकला झाल्या, आता काहीतरी वेगळं हवं म्हणाले. आमच्या घरापासून तुरुंगाची भिंत दिसायची, पण आत जायचा प्रसंग कधी आला नव्हता. आम्ही हो म्हणालो.

रविवारी सकाळी टेम्पोतून सगळं सामान फाटकाशी उतरवलं. तिथल्या साहेबांनी ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाई, वाद्यं येणार होती ना?"

"हीच वाद्यं."

त्यांनी नवऱ्याच्या हातातली हातोडी घेऊन एका ड्रमवर मारली. फाटकावरचा शिपाई दचकला. साहेब थोडा वेळ आवाज विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "वाजतंय की झकास! पण हातोड्या आत जाणार न्हाईत. आणि दोरीसुद्धा न्हाय."

तुरुंगात हातोडी आणि दोरी घेऊन निघालेली आम्ही शिकलेली माणसं! साहेबांचं काही चुकत नव्हतं. पण ठोकायचं कशानं आणि टांगायचं कशाला?

तरी आत गेलो. हॉलभर माणसं जमिनीवर रांगेत बसलेली. आम्ही ड्रम आणि लायनर फरशीवर मांडले. नवऱ्यानं मुठीनं एक ठोका दिला. बद्द. दुसऱ्यावर दिला. बद्द. फरशीनं सगळा आवाज गिळून टाकला होता. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग चार जण हसले. माझे कान तापले. चित्रकलेच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "तू आपला एक अभंग म्हण, आणि निघू या."

मी तोंड उघडणार, तोच पहिल्या रांगेतला केस पिकलेला एक माणूस गुडघ्यांवर उठला. आधी त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली.

"मास्तरीणबाई, खाली चुंबळ घाला की."

"काय?"

"चुंबळ. बायका घागरीखाली डोक्यावर घालत्यात, ती. मी गावाकडं हलगी वाजवायचो. हलगी भुईला टेकली की मरती. तुमच्या लोखंडाचं बी तसंच हाय."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, पीळ दिला, गोल वेटोळं केलं आणि मोठा ब्रेक ड्रम त्याच्यावर उताणा ठेवला. असा की कडा सगळीकडून मोकळी राहील. मग बोटाच्या पेरानं कडेवर टिचकी मारली. आवाज आला. बारीक, पण जिवंत.

मग काय! रांगारांगांतून टॉवेल पुढं येऊ लागले. भट्टीवरचे काका आणि तो माणूस चुंबळी वळत बसले. ठोकायचा प्रश्न साहेबांनीच सोडवला. स्वयंपाकघरातून डझनभर लाटणी मागवली. पीठ लागलेलीच आली. लाकडी लाटण्याचा पहिला ठोका पडला आणि आम्ही चौघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं. हातोडीचा तो टोचरा टणत्कार गेला होता. आवाज मऊ, भरलेला, आतून उमलल्यासारखा येत होता. इतकी वर्षं आम्ही लोखंडाला लोखंडानंच मारत होतो!

वीस मिनिटं वाजवलं. कुणी हसलं नाही. शेवटी मीच त्या माणसाला विचारलं, "तुम्ही वाजवणार?"

पुढं येऊन त्यानं सगळे नग एकेकदा हळूच वाजवून बघितले आणि तडा गेलेला तो घरघरणारा ड्रम समोर ओढला. नवरा म्हणाला, "त्याला तडा हाय."

"म्हाईत हाय. म्हणून तर बोलतोय त्यो!"

एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हाताची मोकळी बोटं, अशी त्यानं हलगीची चाल धरली. आधी सावकाश, मग वाढवत. ठोक्यामागून येणारी घरघर तो तळव्यानं दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. हॉलमधली माणसं मांड्यांवर ताल धरू लागली. साहेबांच्या बुटाचा चवडासुद्धा हलत होता, मी पाहिलं. आणि आयुष्यभर तडा ऐकून माल मागं सरकवणारा माझा नवरा लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून बसला होता.

निघताना नवऱ्यानं त्याचा हात हातात घेतला. "लई शिकीवलंत आज."

"पावणं, परत या," तो म्हणाला. "आमी काय, हितंच हाय."

स्वतःच्याच बोलण्यावर तो मोठ्यानं हसला, आणि मग आम्हालाही हसावं लागलं. तो तिथं कशासाठी आला होता, हे मी विचारलं नाही, आणि पुढंही कधी नाही.

बाहेर पडताना फाटकावर सामानाची पुन्हा तपासणी झाली. अव्वांच्या घंगाळातून एक लाटणं निघालं. साहेब गंभीर चेहरा करून म्हणाले, "तुरुंगातनं लाटणं पळवताय व्हय, बाई?" मी घामाघूम. मग ते आणि शिपाई दोघंही हसत सुटले.

घरी आल्यावर आम्ही अंगणातला लोखंडी घोडा मोडून टाकला. जुन्या लुगड्यांच्या चुंबळी शिवल्या, सुताराकडून लाकडी दांडकी करून घेतली. आमचा आवाजच बदलला. त्यानंतर वर्षातून एकदा तुरुंगात वाजवायला जायचा परिपाठ झाला. तो हलगीवाला आमची वाट बघत असायचा. आमच्यात पाचवा असल्यासारखाच बसायचा.

चौथ्या वर्षी गेलो तर पहिल्या रांगेत तो दिसला नाही. शिपाई म्हणाला, सुटला, गावी गेला. आनंदच झाला, पण तो घरघरणारा ड्रम कुणी वाजवायचा, हे आम्हा चौघांना सुचेना. नवऱ्यानं सुरुवात केली आणि दुसऱ्याच ठोक्याला चुकला.

तेव्हा मागच्या रांगेतून सहा-सात जण उठले. एकाच्या हातात तिथल्या हातमागाचे मोडके लाकडी धोटे, दुसऱ्याकडं पिचकलेल्या थाळ्या, तिसऱ्याकडं बूड गेलेली बादली. प्रत्येकानं खाली चुंबळ घातली. "त्यानं बसवून घेतलंय आमच्याकडनं," त्यातला एक जण म्हणाला. "जरा सरकून बसा."

आम्ही आमचं लोखंड बाजूला घेतलं आणि फरशीवर, त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत, मांडी घालून बसलो. त्या रविवारी मग आम्ही पुढं काहीच वाजवलं नाही.