कडब्याचा रंग

बोरीच्या मुंजाजी लोहारासारखा पऱ्हाटी उपटायचा चिमटा तालुक्यात कुणाला जमत नाही, हे तो स्वतःच सांगतो आणि खरंच सांगतो. पायाने दांडा दाबला की त्याचा चिमटा कपाशीच्या बुंध्याला आपोआप घट्ट धरतो. बायामाणसांची कंबर वाचते. त्याचं पेटंट घ्यायचं असं लेक मंजुषाने ठरवलं आणि तात्पुरता अर्ज दाखलही केला. पूर्ण अर्जाला वर्षाची मुदत होती. दोन महिने उरले असताना वकिलांनी मजकूर परत पाठवला. नुसता कागद वाचून दुसऱ्या लोहाराला हाच चिमटा करता आला पाहिजे, नाहीतर पेटंट टिकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

"येईल की! समदं लिवलंय," मुंजाजी म्हणाला.

मंजुषाने तोच कागद सोनपेठच्या सिताराममामाला दिला. मामाही लोहारच, ऐरणीवर तीस वर्षं काढलेला. आठवड्याने तो चिमटा घेऊन एसटीने आला. चौथ्याच पऱ्हाटीला दात तुटले. मुंजाजीला कोण आनंद!

"पाव्हणं, तुमी आपले विळेच करा!"

"दादा, मामाचा हात न्हाई चुकला, तुमचा कागद चुकलाय," मंजुषा म्हणाली. "दातांना योग्य पाणी द्यावं, एवढंच लिवलंय. योग्य मंजी कसं?"

पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना, मुंजाजी भट्टीपाशी कुणाला उभं करत नसे. त्याच्या बापाने तर लग्न होईपर्यंत त्यालाही त्या वेळी तंबाखू आणायला पिटाळलं होतं. आता तेच अख्ख्या जगाला सांगायचं? बापाच्या घरात चोरी केल्यासारखं त्याला वाटलं. पण निम्मं लपवून पुरा हक्क मागणं हीही लबाडीच, हे पटायला त्याला एक कप चहा पुरला.

"मंजे, हिकडं ये. लिव."

लाल झालेला दात त्याने तेलात बुडवला, घासून चकचकीत केला, तापल्या वाळूवर ठेवला. "वाळल्या कडब्याचा रंग आला की झटक्यात काढायचा. निळा पडला की गेला." मंजुषाने घड्याळ लावून मिनिटंही लिहिली.

नवा कागद वाचून केलेला मामाचा दुसरा चिमटा अख्खी ओळ उपटून आला. मुंजाजीने तो आपल्या चिमट्याशेजारी ठेवला, दोन्ही उलटेपालटे केले, दातांवर नख मारून पाहिलं. खोट सापडेना. मग तो एकदम थांबला.

"मंजे, यातला माझा कोन्ता गं?"

"दोन्ही," ती म्हणाली.