फक्त बघायला दिलेला फोटो

"चहात साखर बरोबर होती ना, सुमनबाई?"

माझी आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्या काकूंनी तिला हे विचारलं ते प्रदर्शनाच्या भरल्या दालनात, मी काढलेल्या फोटोसमोर उभं राहून. आवाज मुळीच चढवला नाही. नारायण पेठेत आवाज चढवत नाहीत. आजूबाजूचे लोक हसले. आई भिंतीवरच्या स्वतःकडे बघत होती.

फोटोत आई काकूंच्या हॉलमधल्या झोपाळ्यावर बसली आहे. एक पाय वर घेतलेला. हातात काकूंच्या घरातला निळ्या काठाचा कप. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून आई त्या घरी धुणंभांडी करायची. तिचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. काकू सहकुटुंब बाहेरगावी गेल्या होत्या. झाडांना पाणी घालायला किल्ली आईकडे होती आणि फोटोग्राफीच्या वर्गातून मिळालेला कॅमेरा माझ्या गळ्यात. पाणी घालून झाल्यावर आईने चहा केला, झोपाळ्यावर बसली आणि काकूंची हुबेहूब नक्कल केली, "अहो, पंखा जरा कमी करता का?" आम्ही दोघी हसून हसून वाकलो. तेवढ्यात मी बटण दाबलं.

फोटो बघून आई म्हणाली, "ब्येस आलाय. पर कुणाला दावू नको."

"सरांना?"

"सर आपले हायत. त्यांना दाव. तेवढंच."

सर हडपसरला येऊन वस्तीतल्या आम्हा पोरांना फुकट फोटोग्राफी शिकवायचे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती. वडील चळवळीची पत्रकं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. समता हा शब्द ज्याच्या तोंडात, तो माणूस आपला, एवढी साधी माझी समज. सर तो शब्द फार सुंदर उच्चारायचे.

"फक्त बघायला देते, सर. लावायचा नाही."

"अगं, वेडी आहेस का? विश्वास नाही माझ्यावर?"

होता. तोच तर होता.

सर आणि काकू कॉलेजपासूनचे मित्र. त्याच झोपाळ्यावर बसून त्यांनी कितीदा तरी चहा घेतलेला, आईनेच करून दिलेला. म्हणजे घर कोणाचं, हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं. कळूनही त्यांनी फोटो मोठा करून घेतला, प्रदर्शनात मधोमध लावला आणि काकूंना आमंत्रण धाडलं. माझे मंडईतले फोटो लागणार आहेत, एवढंच मला सांगितलेलं. म्हणून मी आईला चांगली साडी नेसायला लावून घेऊन आले होते. फोटोखाली चिठ्ठी होती, 'मालकीणबाई'. त्याखाली माझं नाव. आईचं कुठेच नाही. लोक चिठ्ठी वाचायचे, वळून आईला शोधायचे आणि हसायचे.

"सर, मी नको म्हटलं होतं."

"कला कपाटात कोंडून ठेवायची नसते," सर म्हणाले.

मग काकूंनी त्यांना बाजूला घेतलं. परत आले तेव्हा सरांचा चेहरा बदललेला. "त्यांना वाईट वाटलंय गं. काढून टाकू फोटो. आणि सुमनबाई, तुम्ही एकदा सॉरी म्हणून टाका. विषय संपेल."

मला नको होता तेव्हा ती कला होती. काकूंना नको झाला, आणि कलेचा लगेच साधा फोटो झाला.

आई हात जोडायला लागली. ते हात मी मधेच धरले.

"आई चहा प्यायली. चोरी केली नाही. माफी तुम्ही मागा, सर. तिला न विचारता तिला भिंतीवर टांगलंत."

"छान बोलते हो तुमची मुलगी," काकू आईला म्हणाल्या आणि तळवा पुढे केला. "किल्ली द्या आमची."

आईने कमरेची किल्ली काढून दिली. सर तिथेच उभे होते. छताकडे बघत. दिव्यांची मांडणी तपासत असावेत.

मग ते फोटो उतरवायला पुढे झाले. मी म्हटलं, "थांबा. आई, तू सांग. काय करायचं?"

तिला काय हवंय, हे त्या दालनात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. आईने आधी चिठ्ठी फाडली. मग खिळ्यावरचा फोटो उतरवला आणि काखेत मारला. "माझा हाय," म्हणाली. "मी नेती."

बसमध्ये मी म्हटलं, "जाळून टाकू. मी परत कॅमेऱ्याला हात लावणार नाही."

"जाळ की. त्यांना त्येच पायजे." तिने काखेतला फोटो मांडीवर घेतला. मग म्हणाली, "गाडीतळावर लाव. सकाळी समद्या बाया तिथनंच बस धरून पेठेत कामाला जात्यात. बघू दे त्यांना. खाली माझं नाव लिही. पुरं लिही."

मी लावला. खळ लावून, भिंतीला पक्का.

आईला अजून काम मिळालेलं नाही. "तुम्ही त्याच ना, झोपाळ्यावरच्या?" असं विचारून दोन घरांनी दार लावून घेतलं. सरांचा निरोप आला, दिलगिरीचे दोन शब्द लिहून दे, वर्गात परत घेतो. मी उत्तर दिलं नाही.

फोटो कोणाला दाखवायचा, हे ज्याचा चेहरा आहे तो ठरवील. तो नको म्हणाला तर कोणाच्याही गोड बोलण्यावर मी फोटो हातातून सोडणार नाही. तो हो म्हणाला की भर चौकात लावीन, त्याच्या पूर्ण नावानिशी. आणि मग तुम्हाला वाईट वाटलं म्हणून उतरवणार नाही.

वाईट वाटू द्या.