जाड बाईचा श्वास

दोन हजार सालानंतर नाशिकमध्ये दुर्बिणीच्या ऑपरेशनांचं फार कौतुक सुरू झालं. मी भूलतज्ज्ञ. बोलावणं येईल त्या हॉस्पिटलात जायचे. एक सर्जन मला सगळ्यांत जास्त बोलवायचे.

त्यांच्याकडे चांदवडकडची एक बाई पित्ताशयातले खडे काढायला आली. बुटकी आणि चांगलीच जाड. ती टेबलावर चढताना सर्जन म्हणाले, "सांभाळून, टेबल मोडेल हं!" ती कसनुसं हसली. मग मला हळूच म्हणाली, "ताई, आडवं झालं की लय दम लागतो मला."

मी टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करून घेतली आणि भूल दिली. दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून सर्जननी पोट फुगवायला आत गॅस सोडला, तसा व्हेंटिलेटरवरचा दाब चढत गेला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला.

"एवढी मोठी बाई, श्वासही मोठा द्या की!" सर्जन खेकसले.

"सर, वजनाबरोबर फुफ्फुसं वाढत नाहीत. श्वास उंचीच्या हिशेबानंच द्यायचा. जास्त हवा कोंबली तर इजा होईल."

मी श्वास लहानच ठेवला. उच्छ्वासानंतर फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून आत थोडा दाब कायम ठेवला. ऑक्सिजन जरा सावरला, पुन्हा घसरला. "पोटातला गॅस कमी करा," मी म्हटलं.

"मग मला दिसणार काय?"

शेवटी मी आवाज चढवला, तेव्हा त्यांनी दुर्बीण काढली आणि पोट उघडून ऑपरेशन केलं. बाई सुखरूप शुद्धीवर आली.

बाहेर तिच्या नवऱ्याला ते माझ्यादेखत म्हणाले, "एक तर पेशंट जाड, त्यात भूल नीट बसली नाही. म्हणून पोट उघडावं लागलं."

"सर, असं नाही झालेलं," मी म्हटलं.

"मॅडम, पुढच्या पेशंटचं बघा."

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तर नवरा तिला सुनावत होता, "तुझ्या खाण्यापायी पोट फाडावं लागलं." तो बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "ताई, माझ्यापायी तुम्हाला बी बोलणी बसली ना?"

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. तिनं मान वळवली. तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं.

त्या हॉस्पिटलातून मला पुन्हा फोन आला नाही. वर्षभरानं एका लग्नात सर्जन भेटले. "मॅडम, हल्ली दिसत नाही तुम्ही!" असं म्हणत त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि माझ्या ताटात आग्रहानं जिलेबी वाढायला लावली.