डोंगराची मागची बाजू

फ्रेंचांनी ज्या डोंगरावर मार खाल्ला, तो डोंगर मी दोनदा बनवला. एकदा बॉर्डरवर, हवालदार असताना. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, इथे हिंदी मुलखात, आमच्या फ्रीगंजातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. या दोन्हींच्या मध्ये एक खरा डोंगर आहे. त्याची आठवण आली की अजून तोंड कडू होतं.

बटालियनमध्ये सँड मॉडल बनवणं माझं काम होतं. हल्ल्याआधी जवानांना मुलूख कळावा म्हणून माती आणि भुशाचा छोटा डोंगर उभा करायचा. रांगोळीने वाटा आखायच्या, काडेपेटीच्या काड्या म्हणजे बंकर. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब शिकवण्यात हुशार. एका सकाळी त्यांनी माझ्याकडून पहिल्या महायुद्धातला एक डोंगर करून घेतला. वर जर्मन, खाली खंदकांत फ्रेंच. फ्रेंच तोफांनी समोरचा उतार दिवसचे दिवस भाजून काढला. वर आता कुणी उरलं नाही, असं त्यांच्या जनरलांनी ठरवून टाकलं. जर्मन मागच्या उतारावर खोल भुयारांत बसून होते. फ्रेंच माथ्यावर पोचले आणि तिथेच कापले गेले.

"काय शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"मागची बाजू बघायची, सर," नायक सदाशिव म्हणाला.

"शाबास."

पंधरा दिवसांनी तसाच एक डोंगर घ्यायचा हुकूम आम्हाला आला. सदाशिव दोन जवान घेऊन टेहळणीच्या पेट्रोलवर गेला, वळसा घालून डोंगराच्या मागे पोचला आणि तिसऱ्या दिवशी परतला. मागच्या उतारावर दोन बंकर, एकात मशीनगन. मी त्या डोंगराचं मॉडल केलं आणि मागे दोन काड्या रोवल्या.

हल्ल्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता ब्रिगेडियर साहेब ब्रीफिंगला यायचे होते. अडीचला मेजर साहेबांनी मॉडल पाहिलं.

"दिघे, मागच्या काड्या काढ."

"सर, सदाशिवने स्वतः बघितलंय."

"ब्रिगेडने वर कळवलंय, मागे काही नाही. आता बंकर दाखवले तर हल्ला पुढे ढकलावा लागेल. काढ."

मी काढल्या. भोकंही बोटाने बुजवली. नीट काम करायची सवय, दुसरं काय! सदाशिव बाजूलाच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. ब्रिगेडियर साहेबांनी मॉडलचं कौतुक केलं आणि चहा घेतला.

पहाटे पाच दहाला हल्ला सुरू झाला. वाट माहीत म्हणून सदाशिवचं सेक्शन सगळ्यात पुढे. मी खाली रेडिओजवळ. सहा वीसला त्याचा आवाज आला.

"माथ्यावर पोचलो. मागून फायर येतंय. दोन बंकर. ओव्हर."

मेजर साहेबांनी ब्रिगेडला कळवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"पीछे कुछ नहीं है. आगे बढ़ो. ओव्हर."

साहेबांनी तेच शब्द जसेच्या तसे माथ्यावर सदाशिवला सांगितले.

"रॉजर," सदाशिव म्हणाला.

पुन्हा त्याचा आवाज आला नाही. दुपारी एकला दुसऱ्या कंपनीने मागून जाऊन डोंगर घेतला. आम्ही आमच्या चौघांचे देह खाली आणले. सदाशिवच्या खिशात टेहळणीचं स्केच होतं, मागच्या उतारावर दोन फुल्या. मेजर साहेबांनी ते काढून घेतलं. पुढे हल्ल्याची चौकशी झाली, तिच्यात ते कुठेच आलं नाही.

चौकशीत मला विचारलं. मी सावधान उभा राहून म्हणालो, "मागच्या उताराची माहिती नव्हती, सर." पुढे सुभेदार होऊन रिटायर झालो. त्या वाक्याची मला किळस येते. मेजर साहेबांची येते, ब्रिगेडची येते, पण सगळ्यात आधी माझी.

गेल्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. इतिहासाच्या प्रदर्शनात महायुद्ध मांडायचं होतं. मी म्हटलं, फ्रेंचांचा डोंगर करतो. टावर चौकातून रांगोळी आणली आणि प्लायवूडवर चार दिवस खपलो. मागची बाजू मुद्दाम दाराकडे ठेवली. प्रदर्शनाच्या सकाळी बाई बघायला आल्या.

"काका, हा पिछवाडा भिंतीकडे करून टाका ना. पाहुण्यांचा फोटो अच्छा येईल. समोर झेंडे किती छान लावलेत!"

"नाही बाई. असाच राहील."

"अहो, फक्त फिरवायचंय."

"मला एकदा असंच सांगितलं होतं. फिरवायचं असेल तर मी मोडतो आणि घरी जातो."

"नाराज नका होऊ, काका. राहू द्या."

अकराला प्रमुख पाहुणे आले. मागच्या भुयारांकडे वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तो फ्रेंच को पता ही नहीं था, कि पीछे ये लोग बैठे हैं?"

तेच जुनं वाक्य ओठांवर आलं. माहिती नव्हती, सर. इतकी वर्षं तेच घोटलेलं.

"उनका मुझे नहीं मालूम, साहब," मी म्हणालो. "हमें पता था. हमारा नायक देखकर आया था. मैंने मॉडल से मिटाया, और जाँच में झूठ बोला."

बाईंनी माझा हात धरला. फोटो कुणी काढला नाही. चौकशीत उभा राहिलो होतो तसाच सावधान उभा राहून मी त्या चौघांची नावं घेतली. नायक सदाशिव. शिपाई तुकाराम. शिपाई महादू. शिपाई अंकुश.