पेढे, आमटी आणि आमचं गेट

कंपनीच्या गेटवर माल कमी आणि किस्से जास्त उतरतात! डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची रंग बनवणारी कंपनी आहे, मी तिथे ऍडमिन बघते. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेटची सगळी व्यवस्था बदलली. काम झालं सहा महिन्यांत, पण लोक अजून जेवायला बसले की म्हणतात, "मॅडम, ते आमटीवाल्याचं सांगा ना!"

तर आधी आमटीवाला.

एक गृहस्थ आमच्या कॅन्टीनमध्ये रोज जेवायला यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, ताट स्वतः उचलून ठेवणार. प्रॉडक्शनला वाटायचं ते लॅबचे, लॅबला वाटायचं अकाउंट्सचे, आणि अकाउंट्सला वाटायचं साहेबांचे कोणी पाहुणे. एक दिवस मीच त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?"

ते शांतपणे म्हणाले, "मी तुमचा नाही. मागच्या गल्लीतल्या कंपनीत आहे. पण आमटी तुमच्याकडे चांगली असते."

किती दिवस येताय, विचारलं. म्हणाले, "गणपतीपासून."

तेव्हा होळी जवळ आली होती!

*

साहेबांच्या कानावर हे गेलं आणि ते कपाळाला हात लावून बसले. आमच्याकडे केमिकलचे ड्रम असतात. आमटीसाठी माणूस येतो तर आणखी कशासाठीही येऊ शकतो. म्हणाले, "गेट नीट करा. आणि गेटवर माणूस नीट आणा."

असे कांबळे काका आमच्याकडे आले. कल्याणच्या एका शाळेत तीस वर्षं शिपाई, सगळी नोकरी फाटकावर गेलेली. मी इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, "सिक्युरिटीचा अनुभव?"

"मॅडम, उशिरा आलेलं पोरगं भिंतीवरून उडी मारायच्या आधी कसं उभं राहतं, ते मला पाठीवरून कळतं. मोठी माणसंही तशीच उभी राहतात."

लगेच घेतलं!

पहिल्या दिवशी त्यांनी व्हिजिटर रजिस्टर वाचायला घेतलं आणि तासाभराने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. नाव: पाटील. कोणाला भेटायचे: साहेब. कामाचे स्वरूप: आहे. त्याच्याखाली सलग बावीस जणांनी फक्त 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं!

*

मग बोटाचा ठसा घेणारी मशीन आली. ऑफिसवाल्यांचे ठसे पटापट लागले. म्हात्रे मामांची पाळी आली आणि मशीन लाल. पुन्हा लावलं, लाल. दहाही बोटं झाली, सगळी लाल!

म्हात्रे मामा जवळच्याच आगरी गावातले, रंगाच्या टाकीवर तेवीस वर्षं. रंगात आणि सॉल्व्हंटमध्ये हात घालून घालून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. मागे रांग थांबलेली, कोणीतरी हसलंसुद्धा. मामांनी हात पँटला पुसले आणि म्हणाले, "तेवीस वर्सं रोज येतंय. आता ही मशीन मनाच विचारते, तू कोन?"



साहेब वरून बघत होते. खाली आले, मामांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट बघितलं. मग मला म्हणाले, "ही मशीन परत पाठवा. सगळ्यांना कार्ड द्या. आणि हातमोजे कोण कोण वापरत नाही, का वापरत नाही, ते मला संध्याकाळपर्यंत सांगा."

हातमोजे का वापरत नाहीत ते दहा मिनिटांत कळलं. सगळे एकाच साइझचे मागवलेले. मागवलेले कोणी? मी!

आता तीन साइझ येतात. मामा म्हणतात, "मशीननी वलखला नाय, पन काम केला."

*

कार्डं आली. नियम साधा, एका कार्डावर एक माणूस. पण आमचे पेंडसे! वय अठ्ठावन्न, अकाउंट्सचे प्रमुख, अत्यंत सभ्य. ते कार्ड लावायचे, दार उघडायचे आणि धरून उभे राहायचे. मागून चार-पाच जण कार्ड न लावताच आत. दार जास्त वेळ उघडं राहिलं की अलार्म वाजतो, त्यामुळे रोज सकाळी नऊला केकाटणं सुरू.

मी समजवायला गेले. ते म्हणाले, "मागून एखादी बाई येते आहे आणि मी तिच्या तोंडावर दार लोटायचं? हे मला शिकवलेलं नाही."

मी कांबळे काकांना बोलावलं.

कांबळे काकांनी तोडगा काढला. "पेंडसे साहेब, मान द्यायचाय ना? मग तुम्ही बाहेर थांबा. प्रत्येकाला आधी त्याचं कार्ड लावून जाऊ द्या. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी."

पेंडशांना एकदम पटलं! दुसऱ्या दिवसापासून ते दाराबाहेर, लग्नात मुलीकडचे उभे राहतात तसे. "या, या, आधी तुम्ही." महिनाअखेरीला हजेरी काढली. रोज सगळ्यांच्या आधी येणाऱ्या पेंडशांचे सगळ्यांत जास्त लेट मार्क!

*

सगळं बसल्यावर, सिस्टीम लावणाऱ्या कंपनीने परीक्षा घ्यायची ठरवली. घोडबंदर रोडच्या त्यांच्या ऑफिसमधून रेश्मा नावाची इंजिनिअर आली. आमच्याकडे कोणी तिला पाहिलेलं नव्हतं, मला एकटीलाच माहीत. कार्ड नाही, ओळख नाही. हातात फक्त पेढ्यांचा बॉक्स.

कांबळे काका मागच्या गोदामाची फेरी मारायला गेलेले. गेटवरच्या दुसऱ्या गार्डला तिने पेढा दिला. "मुलगा झाला!" गार्डने हात जोडून बार उचलला. रिसेप्शनला पेढा, दार उघडलं. एचआरला दोन पेढे, त्यांनी तर लिफ्ट बंद आहे म्हणून जिना दाखवला! बाई तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूमच्या दारात पोचली. तिथे आयटीवाला पेढा तोंडात टाकून तिच्यासाठी कार्ड लावणार, एवढ्यात फेरी संपवून काका वर आले.

"पेढे कसले, ताई?"

"मुलगा झाला!"

"अरे वा. कोणाला?"

रेश्मा जरा गडबडली. "मला."

"कधी?"

"काल."

काकांनी तिच्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. "काल बाळंत झालात, आणि आज तीन जिने चढून आलात?"

बाकी सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलेलं हो!

*

आणि मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट.

शेजारच्या प्लॉटवर दुपारी ड्रम पेटले. काळा धूर सरळ आमच्याकडे. सायरन वाजला, आगीच्या अलार्मला कार्डाची सगळी दारं आपोआप उघडतात तशी उघडली, आणि लोक रस्त्यापलीकडच्या मैदानात जमले. मी टॅबवर आत आलेल्यांच्या यादीत एकेकाला टिक करत होते. आत आलेला प्रत्येक माणूस बाहेर, एक नाव शिल्लक नाही. मी ओरडले, "सगळे आले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कांबळे काका म्हणाले, "नाही मॅडम. मंगलताई कुठेत?"

मंगलताई सफाईला नवीन लागलेल्या, तीनच दिवस झालेले. त्यांच्या कार्डाचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये, माझीच सही राहिलेली. काका रोज सकाळी त्यांना हाताने गेट उघडून आत घेत होते. सिस्टीमच्या दृष्टीने ती बाई कंपनीत आलेलीच नव्हती.

काका वळले आणि पळत सुटले. मी मागे. रुमाल तोंडाला, डोळ्यांतून पाणी. लेडीज बाथरूमला आतून कडी, आणि आत नळ धो धो चालू. काकांनी हाका मारल्या, दार बडवलं. मग वयाची पर्वा न करता लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी निखळली.

"मॅडम, तुम्ही जा आत," म्हणून काका पाठ करून उभे राहिले.

मंगलताई हातपाय धुऊन साडी बदलत होत्या, तोंडाला साबण. "अहो, लाज नाही वाटत का!" असं ओरडल्या, आणि मग त्यांना धूर दिसला. मी त्यांना तसंच हाताला धरून ओढलं. आम्ही मैदानात पोचलो आणि बाथरूमच्या बाजूच्या खिडक्यांच्या काचा फुटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. घरी जाऊन मी देवापुढे बसले, तर डोळ्यांसमोर काकांची ती पाठच येत होती.

पुढच्या सकाळी मी सगळ्यांत आधी त्या फॉर्मवर सही केली, कार्ड बनवून घेतलं आणि गेटवर जाऊन स्वतः मंगलताईंच्या गळ्यात घातलं. त्या कार्ड पुढे करून बारपाशी आल्या. नवीन कार्ड पहिल्यांदा आलं की काका स्वतः तपासतात. त्यांनी फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"पूर्ण नाव सांगा."

मंगलताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काल दार तोडताना विचारलं होतंत का नाव?"

काकांनी कार्ड परत दिलं.

"नाही ताई. घाई होती."