माझीच पिशवी आधी का?

"दार लावून घ्या," सर म्हणाले. मग त्यांनी वर्गभर नजरसुद्धा फिरवली नाही. सरळ माझ्याकडं बघितलं. "तू आधी ये. पिशवी उघड."

मधल्या सुट्टीत एका पोरीचा मोबाईल गेला होता. नवा, महागाचा. वर्ग पोरापोरींनी भरलेला. मागच्या बाकावर मी. तिशी ओलांडून शिकायला आलेली पारध्याची बाई.

सकाळीच सरांनी 'जन्मजात गुन्हेगार' हा विषय शिकवला होता. इंग्रजांनी जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात डांबल्या, हे किती चूक, असं घसा कोरडा करून सांगितलं. ते कुंपण सोलापुरातही होतं. माझा आजा त्यातच जन्मला. पोरांनी माना डोलावल्या. दुपारी त्याच माना माझ्याकडं वळल्या.

ही माझी दुसरी पदवी. पहिली बी.ए. मराठीची. तिच्यावर मी बालवाडीत नोकरी करत होते. एकदा पोलिसांनी भावाला उचललं. कुठंतरी घरफोडी झालेली, हा घरी झोपलेला. मी ठाण्यात जाऊन विचारलं, कशावरून आणलात?

हवालदार हसला. "कशावरून म्हंजे? पारधी हाय की."

मारून सोडला त्याला. चूक झाली असं कुणी म्हटलं नाही. म्हणून मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. फौजदारी न्यायाची पदवी. आई म्हणाली, "शीक. पन त्यांच्यावर इस्वास ठिवू नगं."

ठेवलाच नव्हता. कुणी डबा पुढं केला तरी वाटायचं, का करतेय ही? बाकावर मोबाईल टाकून कुणी बाहेर गेलं की मीही उठून व्हरांड्यात जायची. सगळ्यांना दिसेल अशी उभी राहायची. त्या दिवशी ऊन लई होतं. मी वर्गातच बसले. एवढाच माझा गुन्हा.

"उघड की," सर म्हणाले. "काही नसेल तर घाबरतेस कशाला?"

माझा हात चेनकडं गेलासुद्धा. सवय. बाजारात, एसटीत, दवाखान्यात आमच्या बायकांचा हात कुणी सांगायच्या आधीच जातो. तेवढ्यात तो हात मला दिसला. माझाच हात. त्याची शिसारी आली.

पिशवी छातीशी धरली. "नाही उघडणार. सगळ्यांच्या उघडा. सर, तुमची पण. मग माझी."

सर लालबुंद. "मग बाहेर हो."

"बाहेरबी जाणार नाही. गेले तर म्हणाल, पळाली."

मी बाकावर बसून राहिले.

मोबाईल सापडला. त्या पोरीच्याच स्कूटीच्या डिकीत. ती सॉरी म्हणाली. सरांना. सर मला म्हणाले, "मनावर घेऊ नको. तुझ्यावरचा डाग निघावा म्हणूनच म्हटलं."

कुठला डाग? लावला कुणी?

पुढं एकदा त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. चहा बघूनच मी सावध झाले. कॉलेजच्या जाहिरातीला माझा फोटो हवा होता. पारधी समाजाची लेक आमच्याकडे शिकते, असं खाली लिहिणार होते.

"आधी वर्गासमोर माफी मागा," मी म्हटलं.

"लई चढलीस की तू."

मी चहा तसाच ठेवून उठले.

माफी आली नाही. येणारही नाही. सर अजून तोच विषय शिकवतात. मी आता पहिल्या बाकावर बसते आणि हात वर करून विचारते, कशावरून? त्यांना ते आवडत नाही. पेपर तपासताना ते काय करतील, याचाही मला भरवसा नाही. नापास केलं तर पुन्हा बसेन. पुन्हा केलं तर पुन्हा. पदवी घेणारच. आणि त्यानंतर माझ्या माणसांवर बोट दाखवील त्याच्याकडं पुरावा मागीन. तो वर्दीत असो नाहीतर खुर्चीत.