तिसऱ्यांदा उचललेलं कपाट

लोकांची बिऱ्हाडं एका घरातून दुसऱ्या घरात हलवायची, हा आमचा धंदा. टेम्पो माझा, खांदा दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पाठीला पट्टा लावून फ्रिज घ्यायचे, चौथ्या मजल्यावर पोचायचे आणि घरमालकिणीला विचारायचे, "कुठं ठेवू?" आवाजात धापेचा पत्ता नाही. सगळे त्यांना क्रेन म्हणायचे. सामान लागलं की खिडकीशी उभं राहून एक सिगारेट ओढायची, तेवढीच काय ती चैन.

मागच्या वर्षी एक लोखंडी कपाट उचलायला ते वाकले, तर कपाट जागचं हलेना. आत काय भरलंय म्हणून बघितलं, तर रिकामं. दुसऱ्यांदा जरा हललं. तिसऱ्यांदा उचललं आणि काही झालंच नाही अशा थाटात वर नेलंसुद्धा. मी म्हटलं, "दाजी, गाडी थंड पडलीय. धक्का मारून चालू करावी लागते." ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसले.

मग ते रोजचंच झालं. खुर्चीतून एका दमात उठवेना, जिन्याच्या पहिल्या पायऱ्या कठडा धरूनच. तोंडाला कोरड, म्हणून पाण्याची बाटली कायम काखेत. पण दोन-तीनदा जोर लावला की पायात ताकद यायची. ताई वैतागायची. "पहिल्यांदा जमत नाही, मग तिसऱ्यांदा कुठून येतो जोर? नाटकं नुसती!"

तिचं तरी काय चुकलं? आजारी माणूस कामाने थकतो, हा गडी कामाने सुधारत होता. असला आजार कुणी ऐकलाय? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला, सगळं ठीक निघालं. वय झालं म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेवटी दाजींनाच वाटायला लागलं की आपल्याला आळस चढलाय. गिऱ्हाईक दार उघडायच्या आत ते जिन्याखाली जाऊन उठाबशा काढायचे, पाय तापवायला. जन्मात कधी कामचुकारपणा न केलेला माणूस स्वतःवरच संशय घेत होता. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस जेवणाची सुट्टी संपली आणि फ्रिज पाठीवर घेऊन ते जिन्यातच मटकन बसले. फ्रिजला पोचा आला, बाकी निभावलं. ताई आणि मी त्यांना धरून नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय ढिम्म. मग पाय जोरात ताणून धरायला लावला आणि पुन्हा मारली. आता पाय उडाला. "माझी बोटं दाबा, सोडू नका." पकड आधी सैल होती, मग घट्ट घट्ट होत गेली. दाजी खुलले. "बघितलंत? चालू झाली गाडी!"

"मी हेच म्हणत होते," ताई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सिगारेट ओढता का?" दाजींनी मान डोलावली.

"छातीचा स्कॅन करून घ्या. उद्याच."

"छातीचा कशाला? दुखणं तर पायात आहे!" ताई म्हणाली.

एक्स-रेत हृदयाच्या मागे दडलेली गाठ स्कॅनमध्ये सापडली. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. शरीर त्या गाठीशी लढायला उठलं होतं, पण त्याचे वार पडत होते नसांवर, जिथून त्या स्नायूंना हुकूम देतात तिथे. पुन्हापुन्हा जोर लावला की हुकूम थोडा वेळ पोचायचा.

"म्हणजे तिसऱ्यांदा जो जोर यायचा, तोही आजारच?" ताईने विचारलं.

"हो. त्यावरूनच मला शंका आली."

औषधं चालू झाली. किती दिवस मिळतील ते बाईंनी सांगितलं नाही, विचारायची माझी छाती झाली नाही. एवढी बिऱ्हाडं हलवली आम्ही, लिंबाएवढी गाठ काही हलवता येईना. रोज सकाळी टेम्पो त्यांच्या दाराशी लावतो आणि आत जाऊन नुसता बसतो. दुसरं करणार काय?

स्कॅनच्या दिवसापासून ताईने त्यांना टोचून बोलायचं सोडलं. उठायला लागले की धावत जाऊन हात द्यायची, आणि ते हात झटकायचे. परवा सकाळी ती ओट्याशी होती. दाजी खुर्चीतून उठायला गेले, बसले. पुन्हा गेले, बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले, टेबलाला धरून, घामाघूम. ताई पाठमोरीच.

"अगं, उठलो बघ."

"हं."

"मग म्हण की."

"काय म्हणू?"

"नेहमीचं. नाटकं म्हण."

ताईने गॅस बारीक केला. मग वळली. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाली, "नाटकं नुसती."

दाजी हसले आणि परत खाली बसले.